बरणीतले पाच मासे

नातीच्या माशांच्या टाकीतलं पाणी बदलताना शेवाळाचा ओलसर वास आला आणि मालवणच्या आमच्या पडवीतली काचेची बरणी आठवली. साठ सालच्या आसपासची गोष्ट. मामाने मला धामापूरच्या तळ्यातले पाच इवलेसे मासे आणून दिले होते. मी बरणीत वाळू पसरली आणि विहिरीचं पाणी भरलं.

आई बाजारात मासे विकायची. "खावचे नाय, तर ठेवलंस कित्याक गो?" असं विचारून ती बरणीकडे टक लावून बघत राहिली. ती नजर मला आवडली नाही. तेव्हापासून मी रोज उठल्याबरोबर मासे मोजायची.

एका सकाळी ती बरणीवरून हात काढताना दिसली. मला बघताच तिने हात पदराला पुसले. शाळेतून आले तर पाचही मासे उलटे तरंगत होते.

"तूच मारलंस तेंका!" मी ओरडले.

"माका वाटला, गोड्या पाण्यात तेंचो जीव गुदमरता," ती हळूच म्हणाली. "म्हणान रोज ओंजळभर दर्याचा पाणी घालीत होतंय."

मी बरणीत बोट बुडवून चाटलं. पाणी खारट होतं.

जन्मभर मासे कापणाऱ्या आईने ते पाच मासे माडाच्या मुळाशी पुरले. त्या दिवशी तिने चुलीवर मासे चढवले नाहीत.

आणि मी, ती बाजारात गेल्यावर, माती उकरून पाचही आहेत ना ते बघून आले.