कारण आधी, नंबर नंतर

जवळ ये बघू जरा. कागदावर का होईना, पण ये. तुझा कान धरायचाय. फुजैराहून दुबईला यायला दीड-दोन तास लागतात, आणि धाकटी बहीण असून तू गेल्या गणपतीपासून इकडे फिरकली नाहीस. वर तिकडे बसून लोकांकडून ऐकतेस काय, तर ताई आणि भाऊजी म्हातारपणी रेसच्या घोड्यांच्या नादी लागले! मला एक फोन करून विचारायला काय झालं होतं? आता ऐक. घोडे खरे आहेत. नाद मात्र त्यांच्या आधीचा, आणि तो घोड्यांनीच सोडवला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ह्यांना साठ पूर्ण झालेली, कंपनी वर्षावर्षाने व्हिसा वाढवून देत होती. ऑफिसातून आले की टीव्हीवर क्रिकेट आणि हातात फोन. मी म्हणायची, बघू देत बिचारे, दारू नाही, सिगारेट नाही. मग एक दिवस आपली मॅच चालू होती, मी मेथी निवडत बसले होते. आपला चांगला जम बसलेला बॅट्समन आऊट झाला, आणि हे सोफ्यावरून उठून ओरडले, "येस्स!"

जुडी माझ्या हातातच राहिली. अगं, आपली विकेट पडली म्हणून जेवणाचं ताट बाजूला सारणारा माणूस हा!

"अहो, आपला आऊट झाला."

"हो हो, वाईट झालं," म्हणाले, आणि फोन पालथा घातला.

मग निघालं सगळं. फोनवर एक ग्रुप होता, त्यात कुणी एक 'सर' टिप द्यायचा. त्याला ह्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. 'आज पक्का' असा त्याचा मेसेज आला की हे एका ॲपवर पैसे लावायचे. त्या दिवशी समोरच्या टीमवर लावले होते. किती गेले ते मी विचारलं नाही, आजही विचारत नाही. मला भीती वेगळीच होती. असल्या चोरट्या ॲपवर पैसे लावणं इथे गुन्हा. पकडले गेले असते तर नोकरी खलास, व्हिसा खलास, आणि तीस वर्षं ताठ मानेने राहिलेला माणूस मान खाली घालून विमानात. लेकीला शारजाला फोन केला तर ती म्हणते, "ममा, जस्ट ब्लॉक द ग्रुप ना!" जसा काही नळच बंद करायचाय. दोनदा ब्लॉक करायला लावला. दोन्ही वेळा आठवड्याच्या आत परत सुरू.

आमच्या वरच्या मजल्यावर वसईचे एक अंकल राहतात, मुलीकडे. ऐंशीच्या घरातले. सगळा जन्म मुंबईच्या रेसकोर्सवर गेला. आधी मोतद्दार म्हणून घोड्यांची चाकरी केली, मग ट्रेनरच्या हाताखाली. नाताळला त्यांच्याकडून कुलकुल यायचे, दिवाळीला आमच्याकडून चकली जायची, एवढीच ओळख. पण मी वर गेले, सगळं सांगितलं आणि म्हटलं, "अंकल, तुम्ही वडीलधारे. त्यांना जरा दटावा."

"दटावून सुटत असतं तर मी विसाव्या वर्षीच सुटलो असतो, बाय," ते म्हणाले. "शुक्रवारी त्याला माझ्याबरोबर रेस बघायला पाठव."

मी चिडलेच. "मी दारू सोडवायला आले, आणि तुम्ही गुत्त्याचा पत्ता देताय?"

ते खो खो हसले. इथल्या रेसला पैसे लावायचे नसतातच, हे मला तेव्हा कळलं. आत जायला काही पडत नाही आणि एक फुकट कार्ड मिळतं. प्रत्येक रेसमध्ये कोणता घोडा जिंकेल त्याचा नंबर लिहायचा आणि कार्ड पेटीत टाकायचं. सगळे बरोबर आले तर बक्षीस. चुकले तर गेला काय, कागद! मीही बरोबर गेले. ह्यांना एकट्यांना सोडते की काय!

पहिल्या शुक्रवारी अंकलनी ह्यांना कार्डाला हातच लावू दिला नाही. रेसच्या आधी घोडे गोल फिरवून दाखवतात, त्या कठड्याशी नेऊन उभं केलं. नुसतं बघ म्हणाले. कुणाच्या मानेवर उगाच फेस आलाय, कोण सारखी शेपटी झटकतोय, कोण कान पुढे करून शांत चाललाय.

"अंकल, गुडघे गेले माझे," हे कुरकुरले.

"तुझे राहू दे. घोड्याचे बघ."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी ह्यांना एक वही दिली. नियम एकच: आधी कारण लिहायचं, मग नंबर. ह्यांनी पहिल्याच रेसला नुसता नऊ लिहिला.

"का?"

"वाटतं."

"वाटतं हे कारण नाही."

"आमचा फ्लॅट नंबर तीनशे नऊ, म्हणून..."

"घोड्याला तुझा फ्लॅट माहितीय? भाडं भरतो तो?"

मी ओढणी तोंडात कोंबली.

खरी लढाई चौथ्या रेसला झाली. त्यातले सगळेच घोडे नवे, पहिल्यांदा पळणारे. कुणाबद्दलच काही लिहिण्यासारखं नव्हतं. अंकल म्हणाले, "ही सोड. रिकामी ठेव."

"एक रिकामी ठेवली तर अख्खं कार्ड बाद होतं, अंकल!"

"होऊ दे बाद."

"फुकटचं तर आहे! टाकतो की कुठलाही आकडा!"

"फुकट आहे तोवरच शीक. इथे हात आवरत नाही तुझा, तिथे पैसे लावताना कसा आवरेल?"

हे दोन दिवस फुगून होते. पण तिसऱ्या शुक्रवारी पाचच्या आत बूट घालून तयार! असे सात-आठ शुक्रवार गेलो. कार्डं बहुतेक बादच. शेपट्या ओळखण्यात मी ह्यांच्यापेक्षा हुशार निघाले, ते राहू दे. फोनवरचा ग्रुप मात्र होताच, आणि मला ते माहीत होतं. अंकलनी बजावलं होतं, "तू बोलू नकोस, बाय. तू बोललीस की तो तुझ्याशी भांडतो. त्याला स्वतःशी भांडू दे."

मग आली ती मोठी मॅच. रविवारची दुपार. सरांचा मेसेज आला, 'आज शंभर टक्के.' हे फोन घेऊन बसले. मी स्वयंपाकघरातून बघतेय, जीभ दाताखाली धरून. बराच वेळ गेला. मग हे उठले आणि कपाटातून घोड्यांची वही काढली. एक ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली, तीही खोडली. तिसरी लिहिली आणि वही-फोन घेऊन तडक वर अंकलकडे गेले, अनवाणी. मी मागोमाग.

वहीत लिहिलं होतं, 'सर म्हणतात म्हणून.'

अंकलनी चष्मा लावून वाचलं. "ह्या सरांनी काय पाहिलंय, जे तू नाही पाहिलंस?"

ह्यांनी वही मिटली.

"मी तीस वर्षं घोड्यांच्या पायाशी झोपलो," अंकल म्हणाले. "कोण किती खातो, कोण खोकतो, सगळं ठाऊक. तरी लावायचो तेव्हा हरायचोच जास्त. बायकोच्या बांगड्या गेल्या, तेव्हा माझ्या ट्रेनरसाहेबांनी माझ्या हातात अशीच वही दिली. एकेक रेस सोडत गेलो, आणि सोडता सोडता सगळ्याच सुटल्या."

"मग ही सोडू?" साठीचा माणूस, शाळकरी पोरासारखा विचारत होता.

"मला काय विचारतोस? कारण सापडलं का?"

हे उभ्याउभ्या फोनवर बोटं फिरवत राहिले. मग फोन माझ्या हातात दिला. ग्रुप नाही, ॲप नाही. "खलास," म्हणाले. खाली येऊन मॅच लावली. कोण जिंकलं ते मला विचारू नकोस; मी भर दुपारी सोफ्यावरच झोपून गेले. कित्येक महिन्यांनी अशी गाढ झोप लागली.

रेस असली की शुक्रवारी आम्ही अजून घोडे बघायला जातो, पण आता मी त्यांचा फोन तपासत नाही. मागच्या महिन्यात व्हिसा पुन्हा वाढून आला. रहिवासाचं नवीन कार्ड ह्यांनी टेबलावर ठेवलं, आणि मला एकदम हलकं हलकं वाटलं बघ. साजूक तुपातला शिरा केला आणि आधी वर नेऊन दिला.

तेव्हा लोकांचं ऐकू नकोस, स्वतः येऊन बघ. ह्यांच्या साडूंना सांग सुट्टी टाकायला, आणि पोरांनाही घेऊन ये. मी मटणाचा रस्सा करते. फक्त फोनवर 'येतो ताई, इन्शाल्ला' एवढंच म्हणून ठेवून देऊ नकोस. तारीख सांग.