सासूच्या वेलाची लवकी

मंगरूळपीरला माझ्या माहेरी लवकी, म्हणजे दुधी भोपळा, हे आजाऱ्याचं जेवण. मला ती धड चिरताही येत नव्हती. लग्न होऊन किन्हीराजाला आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूनं माझ्या माहेराचा उद्धार केला. "माय-बापानं काय शिकोलं तुले?"

शिकवलं मात्र तिनंच. नख सहज रुतलं तर लवकी कोवळी. वरून पाणी घालायचं नाही, ती आपल्याच पाण्यात शिजते. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ठेचलेला लसूण, उतरवताना दाण्याचा कूट. आणि शिजवण्याआधी एक चकती कच्ची चाखायची, कारण कडू निघाली तर ती विषच. चाखायचं काम सुनेचं. हे सांगताना ती हसायची आणि मला तिचा मनापासून राग यायचा.

गेल्या वर्षी एक लवकी कडूजहर निघाली. चूळ भरून मी म्हणाले, "आई, कडू हाय. फेका लागते."

"माया वेलाची लवकी कडू?" सासू शेजारणीसमोर कडाडली. "कामाचा आळस आला म्हनून खोटं बोलून राह्यली. शिजव गुमान!"

मी पुन्हा सांगितलं. शेजारीण फिदीफिदी हसली. मग मी विळी पुढे ओढली.

शिजवली. गूळ सढळ घातला, चिंच घातली, तिखटाला मागेपुढे पाहिलं नाही. नवरा शेलूबाजारला दुकानात बसतो, त्याचा डबा भरून दिला आणि सासूला वाढलं. "पाय, कडू हाय काय कुठं?" म्हणत तिनं दोनदा घेतली. मला भूक नाही म्हणाले. तासाभरात तिच्या उलट्या सुरू झाल्या, रक्तही पडलं. जीपमधून दवाखान्यात नेताना तिनं माझाच दंड घट्ट धरला होता. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सलाईन चालू असताना नवरा माझ्यावर खेकसला, "चाखली नोयती काय तू?"

"चाखली होती. कडू होती. आईले दोनदा सांगतलं."

"खोटं बोलू नोको!"

सासूनं डोळे उघडले. मुलाला विचारलं, "काल तुया डब्यात काय होतं रे?"

"पिठलं. काहून?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मीही नजर खाली वळवली नाही.

"खरं बोलून राह्यली तुई बायको," ती म्हणाली.