बाल्कनीसमोर आलेली बोट
“मागं घे रे, पुलाखालून नाय जायची ही!” खालून कुणीतरी ओरडलं. ताज्या फायबरचा उग्र वास आला की मला अजून हेच वाक्य ऐकू येतं. उरणला निघालेली मासेमारीची नवीकोरी फायबरची बोट, ट्रॅक्टरमागच्या ट्रेलरवर चढवलेली, आमच्या पनवेलच्या अरुंद रस्त्यात अडकली होती. “शेठ, समुद्र तिकडं हाय!” पानवाल्याने चिडवलं आणि सगळे हसले. मी दुकानांवरच्या पहिल्या मजल्यावर, बाल्कनीत उभी होते, त्यामुळे बोटीच्या केबिनवर उभा असलेला माणूस अगदी माझ्यासमोर होता. हातातल्या लांब बांबूने तो रस्त्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा उचलायचा आणि बोट पुढे सरकली की मागे सोडून द्यायचा. शेवटची तार त्याने नुकतीच सोडली होती. आता ट्रॅक्टर उलटा येऊ लागला, पण तो मात्र पुलाकडेच बघत उभा राहिला. ती उघडी तार मागून थेट त्याच्या मानेकडे येत होती. खालच्या लोकांना बोटीआड ती दिसतच नव्हती. त्या रस्त्यावर मी कधी कुणाला साधी हाकही मारली नव्हती. इंग्रजी शाळेच्या सवयीने आधी तोंडात इंग्रजी शब्द आले आणि तिथेच अडकले. मग तो माणूस मटकन खाली बसला, तार त्याच्या डोक्यावरून निघून गेली आणि सगळ्यांनी माना वर करून माझ्याकडे पाहिलं. इतका मोठा आवाज माझा होता, यावर माझा आजही विश्वास बसत नाही: “काका, मागे तार आहे, खाली बसा!”