परवानगी द्यायची का?

बोर्डबाईंचं खरं नाव रुग्णालयात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. टेलिफोनच्या बोर्डावर बसायच्या म्हणून बोर्डबाई. निवृत्त झाल्या तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. उभी हयात त्यांनी एका वाक्यावर काढली: "थांबा, जोडून देते." कोण कुणाशी कशासाठी बोलतोय, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आलेला फोन अडवायचा नाही, एवढंच त्यांना शिकवलेलं होतं.

घरीही तीच तऱ्हा. घर उभं राहिलं बाईंच्या पगारावर, पण ते कुठे घ्यायचं हे नवऱ्याने ठरवलं. मुलाची शाळा सासऱ्यांनी ठरवली. नवरा गेल्यावर मुलगा ठरवू लागला. बाईंनाही काही विचारायचं असतं, हे त्या घरात कुणाला सुचलं नाही. खरं सांगायचं तर बाईंनाही नाही.

म्हणून तर पुढचा घोळ झाला. बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर बाई स्वेटरचे नमुने शोधत होत्या, तेवढ्यात पडद्यावर एक चौकट आली. ही वेबसाइट तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते, परवानगी द्यायची का? बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. परवानगी, आणि तीही त्यांची! एवढ्या अदबीने विचारतोय बिचारा, त्याला नाही कसं म्हणायचं? त्यांनी 'हो' दाबलं. मग दुसऱ्याने विचारलं, त्यालाही हो. रोज दुपारी बाई साहेबाच्या ऐटीत परवानग्या वाटत बसू लागल्या.

ही मंडळी म्हणजे बोट दिलं की मनगट धरणारी. पडद्याच्या कोपऱ्यातून एकेक जाहिरात उगवायला लागली. तुम्ही मोटार जिंकलात, तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरसने घेरलंय, आठवड्यात पोट सपाट करा. एकदा मुलगा घरून ऑफिसची मीटिंग चालवत होता, सगळ्यांना आपला पडदा दाखवत होता. नेमकी तेव्हाच तोकड्या कपड्यांतली एक बाई अवतरली आणि तुम्ही एकटे आहात का, असं त्याला विचारू लागली. साहेब पोट धरून हसले. मुलगा हसला नाही.

"आई, कशाकशाला हो म्हणालीस तू?"

"त्यांनी विचारलं," बाई म्हणाल्या.

सुनेला हे उत्तर इतकं मजेशीर वाटलं की तिने ते तीन मैत्रिणींना ऐकवलं. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, असा हुकूम सुटला. कॉम्प्युटर गेला तर गेला, बाईंना धास्ती होती ती मोबाइलची, तोही काढून घेतील की काय. धाकटी बहीण दुसऱ्या शहरात अंथरुणाला खिळलेली. रोज संध्याकाळी दोघी मोबाइलवर एकमेकींचं तोंड बघून बोलायच्या. बाईंना दिवसभरात तेवढंच काय ते स्वतःचं असायचं.

दुसऱ्या दिवशी नेटवाला आला. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याने बाईंनी दिलेल्या सगळ्या परवानग्या काढून घेतल्या आणि यापुढे कुणी विचारूच नये अशी सोय केली. काकूंचं काही चुकलं नाही, घरोघरी हेच होतं, असंही तो म्हणाला. मग त्याने राउटर तपासला आणि कपाळाला हात लावला. राउटरचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता, आणि वायफायचा पासवर्ड म्हणजे मुलाचा मोबाइल नंबर. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही आत शिरता आलं असतं. हे सगळं बसवलं होतं मुलाने. पण त्याला कुणी काही बोललं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण काही उगाच जन्माला आलेली नाही.

नेटवाल्याने दोन्ही पासवर्ड बदलून चांगले लांबलचक केले, राउटर अपडेट केला. शिवाय येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी एक वेगळं नेटवर्क काढून दिलं. बाहेरच्या माणसाच्या फोनमध्ये काही भानगड असली तरी ती घरच्यांच्या मशीनपर्यंत पोहोचू नये म्हणून. नाव काय ठेवू, असं त्याने विचारलं. 'पाहुणे' ठेवा, मुलगा म्हणाला.

तो गेल्यावर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये नवा पासवर्ड भरला गेला. बाईंनीही आपला फोन पुढे केला. मुलाने तो घेतला, खटाखट काहीतरी दाबलं आणि परत दिला. बाईंनी डोळ्यांजवळ धरून वाचलं.

"चुकून ते पाहुण्यांचं जोडलंस रे."

"चुकून नाही, आई. तुझ्या फोनमधलं काही आमच्या मशीनला लागायला नको. स्पीड जरा कमी मिळेल, पण तुला कुठे काय करायचंय?"

"नुसतं नाव आहे हो ते, आई," सून म्हणाली.

बाईंना संताप आला. इतका संताप त्यांना नवऱ्याचाही कधी आला नव्हता. फोन भिंतीवर आपटावा असं वाटलं. पण फोन फुटला तर बहीण कुठे दिसणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. तिचा चेहरा मध्येच थिजायचा, आवाज तुटायचा.

"चित्र अडकतंय गं ताई. बाहेर कुठे आहेस का?"

मुलगा समोरच बसला होता. त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात बाई म्हणाल्या,

"हो. लेकाकडे आलेय."