रविवारचा फळा

बुधवारी सकाळी आठच्या सुमारास फोन वाजला. नंबर अनोळखी होता. घोटीहून पोलीस बोलत होते. "एक वयस्कर गृहस्थ सापडलेत. खिशात चिठ्ठी आहे, तिच्यावर हा नंबर आहे. तुम्ही कोण त्यांचे?" मी म्हणालो, "मित्र. बरे आहेत ना ते?" पलीकडचा माणूस म्हणाला, "तुम्ही या. घरचं कुणी असेल तर त्यांनाही घेऊन या." एवढंच. जे कळायचं ते कळलं. ती चिठ्ठी माझ्याच हातची होती. मोठ्या अक्षरांत नाव, नंबर, आणि वर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला कागद भिजेल याची काळजी बरोबर सुचली. माणूस भिजेल हे काही सुचलं नाही.

घोटीला सापडलेला तो भास्कर, म्हणजे आमच्या कॉलनीचे भास्कर मास्तर. शाळेत भूगोल शिकवायचे, पण भूगोलावर त्यांचं कधी भागलं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर तो भास्कर, आणि त्याच्यापुरता मी 'अरे कारकुना'. माझं नाव शांताराम आहे हे त्याला फक्त गंभीर प्रसंगी आठवायचं. आमच्या बुद्धविहाराच्या ओसरीवर एक फळा आहे. पूर्वी त्याच्यावर वर्गणीच्या सूचना लिहीत. भास्कर निवृत्त झाला त्या वर्षी त्यानं तो ताब्यात घेतला आणि दर रविवारी सकाळी त्यावर चार प्रश्न लिहायला सुरुवात केली. एक भूगोलाचा, एक इतिहासाचा, एक धर्माचा आणि एक खेळाचा. खाली पाचवी ओळ त्यानं कायमची रंगवून घेतली होती: 'या चारांचा सांधा कोणता?' नदीनं जुनं वळण सोडलं की मागे कसलं सरोवर राहतं, तर नालाकृती. हळदीघाटात राणा प्रतापांखाली कोण होता, तर चेतक. सिद्धार्थ घर सोडून निघाला तो कुणाच्या पाठीवरून, तर कंथक. आणि मणिपूरनं जगाला कोणता खेळ दिला, तर पोलो. सांधा घोडा. रिक्षावाले, कारखान्यातून रात्रपाळी करून परतणारे कामगार, वंदनेला आलेल्या बाया, सगळे फळ्यापुढे उभे राहून डोकं खाजवायचे. उत्तरांच्या चिठ्ठ्या टाकायला बिस्किटाचा पत्र्याचा डबा ठेवलेला असायचा. बक्षीस काही नव्हतं. संध्याकाळी मास्तर फळ्याशी उभं राहून उत्तरं सांगायचे आणि ज्याचा सांधा बरोबर आला त्याचं नाव घ्यायचे, तेवढ्यासाठी लोक आठवडाभर वाट बघायचे.

माझं काम तपासनिसाचं. शनिवारी संध्याकाळी तो माझ्याकडे चहाला यायचा, चारी प्रश्नांचा कागद पुढे टाकायचा आणि मी त्यातल्या चुका काढायचो. चुका फार क्वचित सापडायच्या आणि सापडली की मला आठवडाभर पुरायची. "मास्तर, सनावळी तपासत चला," असं मी चारचौघांत म्हणायचो. तो म्हणायचा, "तुला सांधा सुचत नाही म्हणून तू सनावळ्या मोजतोस." खरंच होतं ते. मला सगळं माहीत असायचं, पण सुटं सुटं. त्याला जोडता यायचं. वहिनी गेल्या तेव्हासुद्धा त्यानं एकही रविवार चुकवला नाही. मुलगी, सुजाता, नोकरीमुळे पुण्यात. तिला दर रविवारी फळ्याचा फोटो पाठवायचं कामही माझंच, कारण मास्तरांना मोबाईलचा कॅमेरा जमत नसे. नऊच्या आत तिचं उत्तर यायचं: 'बाबांना सांगा, घोडा.' मी ते वाचून दाखवायचो आणि तो असा काही हसायचा की बस्स.

गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर एका शनिवारी त्यानं कागद दिला. चारी प्रश्न चोख होते. मी विचारलं, "सांधा?" तो म्हणाला, "तू शोध." मी अर्धा तास शोधला. नव्हताच. पुढच्या शनिवारी तेच झालं. मी चिडलो, "मास्तर, थट्टा पुरे झाली." तो म्हणाला, "कारकुनाला कुठलं कळायला." तिसऱ्या शनिवारी मात्र चहाचा कप तसाच निवत ठेवून तो कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "शांताराम, मला बाजूबाजूचं दिसतंय रे. मधलं दिसत नाही."

एवढं झाल्यावर शहाण्या माणसानं काय करायला हवं होतं, ते मला कुणी सांगायला नको. पण तो म्हणाला, "सुजाताला बोलू नकोस. ती पुण्याला नेईल. चौथ्या मजल्यावर बसून मी काय करू? तिथं माझा फळा आहे का?" आणि मी म्हणालो, "नाही बोलत." त्या दिवसापासून प्रश्न मी काढू लागलो. शनिवारी कागदावर लिहून द्यायचो, सांध्यासकट. तो घरी बसून ते चार-चारदा उतरवून काढायचा आणि रविवारी फळ्यावर लिहायचा. अक्षर त्याचं शेवटपर्यंत मोत्यासारखं राहिलं. एखादी ओळ दोनदा लिहायचा, एखादा शब्द गाळायचा. मी मागे उभा असायचो. बोटानं पुसायचो, नीट करायचो, आणि मगच फोटो काढायचो. खरं सांगायचं तर मला मजा येऊ लागली होती. इतक्या वर्षांनी मला सांधे सुचत होते. लोक म्हणायचे, "मास्तर अजून फॉर्मात आहेत." तेव्हा शेजारी उभा राहून मी मनातल्या मनात फुगायचो... लाज वाटते आता हे लिहिताना, पण ते तसं होतं.

सुजाता महिन्यातून एकदा यायची, रोज फोन करायची. तिलाही काही कळलं नाही, आणि त्याला कारण मास्तरांची जुनी सवय. एकदा मी तिथं असतानाच तिचा फोन आला. स्पीकर चालू होता. "बाबा, आज काय जेवलात?" तो म्हणाला, "बटाट्याची भाजी. बटाटा मूळचा कुठला? दक्षिण अमेरिकेचा, अँडीजच्या डोंगरातला. बाहेर कुणी आणला? स्पॅनिश लोकांनी. त्याच डोंगरात ला पाझचं फुटबॉलचं मैदान आहे, पाहुण्या संघाला धावताना धाप लागते तिथं." ती हसली. "बाबा, तुम्ही सुधारणार नाही." फोन बंद झाला. मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं तर डबेवालीनं आणलेला डबा उघडलेलासुद्धा नव्हता. आम्हां सगळ्यांना वाटायचं मास्तर गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेतायत, नेहमीसारखी. जेवलो की नाही हेच आठवत नसल्यामुळे तो बोलत सुटायचा, हे त्या दिवशी मला कळलं. मी डबा गरम केला, त्याला वाढला आणि सुजाताला काही कळवलं नाही. तिला एकदा शंका आली होती. उन्हाळ्यात तिनं मला विचारलं, "काका, बाबा हल्ली नावं विसरतात का हो? डॉक्टरांना दाखवू का?" मी म्हणालो, "अगं, फळा बघतेस ना दर रविवारी?" तिचं समाधान झालं. मी पाठवलेल्या फोटोवर विश्वास ठेवून तिनं आपल्या बापाला डॉक्टरकडे नेलं नाही.

आषाढात तो स्वतःच्याच गल्लीवरून पुढे निघून गेला. भाजीवाल्यानं ओळखलं आणि हाताला धरून आणून सोडलं. तेव्हा मी ती चिठ्ठी लिहून त्याच्या खिशात ठेवली. रोज शर्ट बदलला की चिठ्ठीही बदलायचो. म्हणजे माणूस हरवणार हे मला माहीत होतं, आणि नंबर लिहिला तो माझा. सुजाताचा नाही.

शेवटच्या मंगळवारी संध्याकाळी मी गेलो तर दाराला कुलूप नव्हतं आणि घरात कोणी नव्हतं. विहार पाहिलं, वाचनालय पाहिलं, बसथांब्यापर्यंत दोन चकरा मारल्या. पाऊस लागून राहिला होता. मग सुजाताला फोन लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. तिला काय सांगणार होतो? एक सांगायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागलं असतं. वाटलं, गेला असेल कुणाकडे, पावसामुळे अडकला असेल, येईल सकाळी. पोलिसांतही गेलो नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गुन्हा कोणता असं कुणी विचारलं, तर तो बंद केलेला फोन.

घोटीला त्याची पहिली नोकरी होती, नऊ वर्षं. ती शाळा आता त्या जागी नाही. मंगळवारी तो बसनं तिथंच जाऊन पोचला होता. तिथल्या बसथांब्याजवळच्या चहावाल्यानं मला सांगितलं, "लय वेळ उभं व्हते सर इथं. शाळेचा टाइम झाला, म्हनत व्हते. मी म्हनलं, बाबा, बसा, च्या घ्या. तर म्हनले, नाय, पोरं वर्गात हायेत." तिथून तो शेतांच्या वाटेनं गेला. बुधवारी सकाळी भाताच्या आवणीला, रोपं लावायला आलेल्या बायांना तो बांधाला टेकून पडलेला दिसला. रात्रभर पाऊस होता. पंचनामा करणारा हवालदार म्हणाला की पाय घसरला असावा, पण मार फारसा नव्हता. थंडीनं गेला. मंगळवारी संध्याकाळी कुणी शोधायला निघालं असतं तर... हे वाक्य मी अजून पुरं केलेलं नाही.

सुजाता पुण्याहून थेट तिकडे आली. बापाचा चेहरा पाहिला, मग माझ्याजवळ येऊन माझे दोन्ही हात धरले. "काका, तुमचा नंबर खिशात होता म्हणून निदान कळलं तरी. तुम्ही होतात म्हणून." मी मान हलवली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याला श्रद्धांजली वाहायला विहार भरलं होतं. मला बोलायला लावलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "शेवटच्या रविवारपर्यंत मास्तरांची बुद्धी तल्लख होती. फळा साक्षीला आहे." पुढच्या रांगेत सुजाता डोळे पुसत होती. त्याच्या जाण्यानंतरही मी खोटंच बोललो आणि लोकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मागच्या आठवड्यात ती घर आवरायला आली. दुपारी मला बोलावणं आलं. गेलो तर ती जमिनीवर बसली होती आणि समोर कागदांचा गठ्ठा होता. माझ्या हातचे प्रश्न. प्रत्येकाच्या मागे तेच प्रश्न भास्करनं उतरवलेले, चार-चारदा, पाच-पाचदा.

"काका, हे अक्षर तुमचं आहे."

"हो."

"किती महिने?"

"नऊ."

मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, डबा, बंद केलेला फोन. काही लपवलं नाही. ती ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती कागद सरळ करत राहिली. मग म्हणाली, "नऊ महिने दर रविवारी मी उत्तर पाठवत होते. मला वाटायचं, मी बाबांशी बोलतेय." मी म्हणालो, "मी वाचून दाखवायचो गं त्याला. हसायचा तो." ती म्हणाली, "कशाला हसायचे, ते त्यांना कळत होतं का?" मी 'मला माफ कर' म्हणालो. तिनं ते आजतागायत केलेलं नाही, आणि तिनं करावं असा माझा काही हक्कही नाही.

निघायच्या आधी ती विहारात आली. शेवटच्या रविवारचा फळा कुणीच पुसला नव्हता. नेपल्सजवळचा ज्वालामुखी कोणता. त्याच्या उद्रेकात गाडलं गेलेलं रोमन शहर कोणतं. बुद्धांच्या अस्थींचे किती भाग करून वाटले. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया कोणत्या करंडकासाठी कसोटी खेळतात. सांधा राख; चौथ्याचं उत्तर ॲशेस, म्हणजे राखच. तिनं विचारलं, "यात बाबांचं काय आहे?" मी म्हणालो, "अक्षर." ती अगदी जवळ जाऊन वाचत राहिली. मास्तरांची मुलगी ती, फोटोत फसली तरी समोर फसणार नव्हती. "चौथी ओळ त्यांची नाही," ती म्हणाली. नव्हतीच. त्या रविवारी तिसरी ओळ झाल्यावर भास्कर खडू धरून नुसता उभा राहिला होता. लोक यायची वेळ झाली होती. मी खडू घेतला आणि त्याच्यासारखं अक्षर काढून चौथी ओळ लिहिली.

सुजातानं ओढणीचं टोक पाण्यात बुडवलं आणि चौथी ओळ पुसली. सावकाश, वरच्या ओळीला धक्का न लावता. मग चप्पल घातली, "येते" म्हणाली आणि गेली.

काल रविवार होता. फळ्यावर तीन ओळी आहेत, त्यांखाली ओल वाळलेला काळा पट्टा आणि तळाला रंगवलेला सांध्याचा प्रश्न. रात्रपाळी करून आलेला एक जण थांबला, तिन्ही वाचल्या आणि मला म्हणाला, "काका, चौथा कुठंय?" मी म्हणालो, "मास्तरांनी लिहिलाच नव्हता."