शिवणकाकूंचे दोनशे मीटर

"मला पोहता येत नाही," शिवणकाकू म्हणाल्या. "लिहा तसंच."

मी वही उघडून त्यांच्यासमोर उभा होतो. मुलांच्या पोहण्याच्या संघाच्या सेक्रेटरींनी मला एक काम सोपवलं होतं. तलावाच्या दाराशी फळा आहे, त्यावर दोन्ही कोचची ओळख लिहून लावायची. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो, त्यामुळे लिहिण्याचं कुठलंही काम निघालं की ते माझ्याच गळ्यात पडतं. माझी लेक तीन वर्षं या संघात होती आणि एवढ्या काळात दोन्ही कोचशी माझं बोलणं "आली का?" "आली" यापलीकडे गेलं नव्हतं.

मोठ्या कोचना सगळे मास्तर म्हणतात. ते शहरातल्या बसवर ड्रायव्हर आहेत. पहाटेची पाळी करायची, दुपारी मोकळं व्हायचं आणि संध्याकाळी तलावाच्या काठावर मुलांवर ओरडायचं, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. त्यांची मुलाखत तीन मिनिटांत उरकली. "वय त्रेपन्न. तरुणपणी स्पर्धेत चार वेळा दुसरा आलो. पहिला कधीच नाही. हेही लिहा, मुलांना जरा बरं वाटेल."

आणि मग दुसऱ्या कोच, शिवणकाकू. तलावामागच्या गल्लीत त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, बारीक झालेल्या माणसाचा कोट आत घेणं, जाड झालेल्याचा सैल करणं. नाव मुलांनी ठेवलेलं, आणि आता सेक्रेटरीही त्यांना त्याच नावानं हाक मारतात.

"म्हणजे अगदीच येत नाही?" मी विचारलं.

"कमरेएवढ्या पाण्यात उभी राहू शकते," त्या म्हणाल्या. "तेही कठडा धरून."

मग त्यांनी सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीला दम्याचा त्रास होता, डॉक्टरांनी पोहायला घाला म्हणून सांगितलं. काकू रोज संध्याकाळी बाकावर बसून मांडीवर कुणाच्या तरी पॅन्टची शिलाई घालत बसायच्या. हात सुईवर, डोळे पाण्यावर. वर्षभर त्यांनी हेच केलं. मग एके दिवशी उठून मास्तरांजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "ती निळ्या टोपीची मुलगी आहे ना, तिचा उजवा खांदा तोकडा पडतोय."

मास्तर म्हणाले, "तोकडा म्हणजे?"

"म्हणजे डावा हात जेवढा लांब जातो तेवढा उजवा जात नाही. असा शर्ट माझ्याकडे आला असता तर मी एक बाही उसवली असती."

मास्तरांनी पाहिलं. खरंच होतं. त्या मुलीला ते आठ महिने "जोर लाव, जोर लाव" म्हणून ओरडत होते आणि ती बिचारी एकाच हातानं जोर लावत होती. पुढच्या आठवड्यात मास्तरांनी काकूंच्या हातात स्टॉपवॉच दिलं. मांडीवरची शिलाई दुकानातच राहायला लागली. काकूंची मुलगी पंधराव्या वर्षी पोहणं सोडून मोकळी झाली. आई मात्र दुसऱ्या दिवशीही पाच वाजता काठावर हजर.

"अकरा वर्षं मी मुलांना पाण्यात पाहतेय," काकू हसून म्हणाल्या. "त्या अर्थानं नव्हे हं!"

मी सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि फळ्यावर लावलं. चार दिवसांत गदारोळ झाला.

पालकांची सभा बोलावली गेली. एक बाई उठल्या. त्यांची दोन्ही मुलं संघात होती आणि त्या बँकेत अधिकारी होत्या. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "कोच म्हणून त्या चांगल्या आहेत, माझं काही म्हणणं नाही. पण मूल बुडायला लागलं तर त्या काय करणार? काठावरून खांदा तोकडा आहे म्हणणार?" काही जण हसले. तलावाच्या व्यवस्थापकांनी नियमावली उघडली. काठावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक कोचकडे जीव वाचवण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र हवं, असा नियम त्यात कितीतरी वर्षांपासून होता. नेहमी जीवरक्षक हजर असतो म्हणून आजवर तो कुणी वाचलाच नव्हता. परीक्षा दोन भागांची. न थांबता दोनशे मीटर, सात मिनिटांच्या आत. मग खोल टोकाला तळाशी ठेवलेलं पाच किलोचं वजन वर काढायचं. व्यवस्थापकांनी चार महिन्यांची मुदत दिली.

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. सभा संपल्यावर मी काकूंना गाठलं. "मी ते लिहायलाच नको होतं."

"मीच लिहा म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त शुद्धलेखन सांभाळलंत. आणि त्या बाईंचं बरोबरच आहे. मूल बुडायला लागलं तर मी काय करणार होते?"

काकूंचं वय तेव्हा एकोणपन्नास. घरी काकांनी, त्या त्यांना 'आमचे हे' म्हणतात, समजुतीनं सांगून पाहिलं. "अगं, सोड ना आता. दुकान आहे ना आपलं?" काकू म्हणाल्या, "दुकान आहेच. तलावही आहे." दूर नोकरीला असलेल्या मुलीनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तू? पाण्यात? व्हिडिओ पाठव." काकूंनी फोन ठेवला, पोहण्याचा पोशाख विकत आणला, तो खांद्यावर बसेना म्हणून तिथल्या तिथे उसवून नीट केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता तलावावर गेल्या.

दुपारी एक ते दोन तलाव जवळजवळ रिकामा असतो. आमचा छापखाना जवळच आहे, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी अधूनमधून जाऊन बसायचो. पाहवत नव्हतं. ज्या बाईला शंभर मुलांच्या हातापायांचा हिशेब तोंडपाठ, तिचे स्वतःचे हातपाय पाण्यात गेल्यावर तिला ओळखच देईनात. चेहरा पाण्यात घातला की मान ताठ, मान ताठ झाली की पाय खाली, पाय खाली गेले की नाकातोंडात पाणी. मास्तर काठावरून ओरडायचे, "बाई, मान सैल! मान सैल सोडा!"

सहाव्या दिवशी काकू कठड्याला धरून उभ्या राहिल्या, डोळ्यांवरचं पाणी पुसलं आणि विचारलं, "मास्तर, मान सैल सोडायची म्हणजे नेमकं काय करायचं?"

"म्हणजे... सोडायची."

"पण कशी?"

मास्तरांनी स्वतःचीच मान दोनदा हलवून पाहिली. ते वयाच्या पाचव्या वर्षापासून पोहत होते. मान कशी सोडतात हे त्यांना कधी कुणाला विचारावंच लागलं नव्हतं.

"आणि ओरडू नका," काकू म्हणाल्या. "बुडत असले तरी मला ऐकू येतं."

पुढचे तीन दिवस त्या पोहल्याच नाहीत. छातीएवढ्या पाण्यात उभं राहून नुसता चेहरा आत घालायचा आणि बाहेर काढायचा. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. नवव्या दिवशी एकदम वर येऊन त्या मास्तरांना म्हणाल्या, "मानेचं काही नाही हो. दात! मी दात आवळून धरतेय." त्यांनी दात सोडले, ओठ जरासे उघडे ठेवून पाण्यात हळूहळू गुणगुणल्यासारखा श्वास सोडला, आणि मान आपोआप सैल पडली. त्या दिवशी काकू पहिल्यांदा तरंगल्या. सहा सेकंद. स्टॉपवॉच मास्तरांच्या हातात होतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या लेकीला बाजूला घेतलं. तिची मान दोन वर्षं ताठ होती, आणि दोन वर्षं तिला तेच ऐकावं लागत होतं. काकू म्हणाल्या, "मानेचा विचारच करू नकोस. दात आवळू नकोस, आणि श्वास सोडताना 'हं' म्हण." लेक दोन फेऱ्या मारून आली ती डोळे विस्फारूनच. काकू खाली बसल्या आणि तिला म्हणाल्या, "मी दहा वर्षं काठावरून मान सैल, मान सैल करत होते. ते किती अवघड असतं हे मला ठाऊकच नव्हतं. माझं चुकलं." अकरा वर्षांच्या मुलीची अशी माफी कुठल्याही मोठ्या माणसानं मागितलेली मी तोवर पाहिली नव्हती.

चौथ्या महिन्याच्या शेवटी परीक्षा झाली. दोनशे मीटर, म्हणजे आमच्या तलावाच्या आठ लांब्या, त्यांनी सहा मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांत पुऱ्या केल्या. दोन सेकंद राखून. पण वजन काही वर येईना. काकू खाली जायला बघायच्या आणि पाणी त्यांना वर आणून सोडायचं. तिन्ही प्रयत्नांत हात तळाला लागला नाही. परीक्षकांनी कागदावर 'नापास' लिहिलं आणि सहा आठवड्यांनी पुन्हा या म्हणून सांगितलं. मुदत संपल्यामुळे तोवर काठावर उभं राहायला मनाई.

काकू ओले केस तसेच बांधून दुकानात गेल्या आणि कुलूप उघडून मशीनवर बसल्या. संध्याकाळी पाच वाजता मात्र त्या तलावावर आल्या. काठावर नाही, वरच्या मजल्यावर प्रेक्षकांसाठी काचेमागे बाक आहेत, तिथे. काचेतून आवाज खाली येत नाही. मुलं भिंतीला हात लावून वर बघायची आणि काकू खुणा करायच्या. बाही वर ओढली की कोपर उंच ठेव. दोन बोटांची कात्री केली की पाय जवळ जवळ मार. मुलांना त्या खुणा दोन दिवसांत पाठ झाल्या. मास्तर वैतागून म्हणाले, "मी घसा फोडतो ते यांना कळत नाही, आणि वरून शिंपिणीची मुकी भाषा कळते!"

खाली कसं जायचं ते मास्तरांना शिकवता आलं नाही. ते शिकवलं दुपारच्या पाळीच्या जीवरक्षक मुलीनं. ती काकूंच्या लेकीहूनही लहान. "काकू, तुम्ही हातांनी खाली जाताय," ती म्हणाली. "आधी कंबर मोडा, म्हणजे कमरेत वाकून डोकं खाली घाला, पाय सरळ वर आकाशात जाऊ द्या. पायांचं वजनच तुम्हाला खाली ढकलेल. कान दुखले की नाक दाबून फुंका." काकूंनी रोज वीस वेळा कंबर मोडली. पहिल्या आठवड्यात कान इतके दुखले की शिवताना मशीनचा आवाज सहन होईना. त्यांनी दोन दिवस विश्रांती घेतली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा वीस वेळा. चौथ्या आठवड्यात बोटं तळाच्या फरशीला लागली. वर आल्यावर त्यांनी काय सांगितलं असेल? "खाली फार शांत आहे हो."

दुसऱ्या परीक्षेला काका आले, पहिल्यांदाच. हातात टॉवेल घेऊन काठाच्या इतके जवळ उभे की त्यांचे बूट भिजले. मी छापखान्यातून अर्धी रजा काढली होती. दोनशे मीटर सहा मिनिटं एकेचाळीस. श्वास खाली बसायच्या आत परीक्षकांनी वजन पाण्यात सोडलं. पहिल्या बुडीत काकूंचा हात वजनाला लागला आणि ते निसटलं. त्या वर आल्या, कठडा धरला नाही, तोंडातलं पाणी थुंकलं, दोन श्वास घेतले आणि पुन्हा कंबर मोडली. पाय सरळ वर गेले आणि दिसेनासे झाले. काका माझं मनगट धरून उभे होते, ते त्यांना कळलंही नव्हतं. मग पाण्यावर आधी एक हात आला, मग डोकं आणि छातीशी घट्ट धरलेलं ते काळं वजन. काठापर्यंतचं अंतर त्यांनी पाठीवर पडून पायांनी कापलं.

"पास," परीक्षक म्हणाले.

मास्तर पुढे झाले. आम्हाला वाटलं, आता अभिनंदन करतील. "बाई, शेवटच्या लांबीला डावा कोपर पडत होता."

"माहितेय," काकू धापा टाकत म्हणाल्या. "मी आतून बघत होते."

बँकेतल्या बाईंनी तोवर दोन्ही मुलांना दुसऱ्या संघात घातलं होतं. ती मुलं तिथे छान पोहतात. पुढच्या स्पर्धेत त्या भेटल्या तेव्हा जरा अवघडून म्हणाल्या, "ऐकलं मी." काकू म्हणाल्या, "तुम्ही बोललात म्हणून झालं. बरं, तुमच्या धाकट्याचा डावा घोटा आत वळतोय, तिथल्या कोचना सांगा." त्या बाईंनी वळून पाण्याकडे बघितलं आणि पर्समधून कागद काढून ते लिहून घेतलं.

आता काकूंचं दुकान दुपारी एक ते दोन बंद असतं. त्या वेळात तलावावर सहा मोठी माणसं येतात. कुणाला कधी शिकताच आलं नाही, तर कुणाची लहानपणी भीती बसली ती बसलीच. काकू त्यांच्यासोबत छातीएवढ्या पाण्यात उभ्या असतात. गेल्या आठवड्यात त्यांच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं पहिल्यांदा चेहरा पाण्यात घातला. त्या खोकतच वर आल्या आणि म्हणाल्या, "नाही हो जमायचं मला आता या वयात."

"आधी खोकून घ्या," काकू म्हणाल्या. "घाई नाही. झालं? चला, परत."