बैलाच्या एकमेव छायाचित्राबाबत

तक्रारदार : मी स्वतः, अर्जनवीस, बैठक जामखेडच्या कचेरीसमोरील लिंबाखाली. सामनेवाले : माझे साडू, बॅटरी चार्जिंगचे दुकानदार, मुक्काम मिरजगाव. साक्षीदार : पहिली, साडूंची पत्नी, म्हणजे माझी मेहुणी, दुसऱ्या, आम्हां उभयतांच्या सासूबाई, तिसरे, सासरे, जे त्या दिवसांत कोणाशीच बोलत नव्हते. घटनेचा दिवस : बैल विकल्यानंतरचा पहिला रविवार.

उपरोक्त साडूंसारखा मनुष्य अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी शपथेवर लिहून देण्यास तयार आहे. मोबाईलच्या एका टिचकीत फोटो निघण्याच्या या काळात हा गृहस्थ जुना कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडतो आणि काळी-पांढरी फिल्म घरच्या मोरीत धुतो. तेही जगाची रीत मोडून. इतरांच्या फिल्मवर उलटे चित्र उमटते, काळ्याचे गोरे नि गोऱ्याचे काळे. त्यावरून कागदावर हव्या तितक्या प्रती निघतात. साडू ते उलटे चित्र औषधाने विरघळवून टाकतात, उरलेल्या फिल्मला मुद्दाम उजेड दाखवतात, पुन्हा धुतात, आणि त्याच फिल्मवर सरळ चित्र उभे करतात. प्रत एकच. "साडूभाऊ, नक्कल नसलेला दस्त टिकत नसतो," असे मी त्यांना बजावले, तर म्हणाले, "तुमची तरी नक्कल कुठं हाय? टिकलात न्हवं?" मी तो मुद्दा तूर्त तहकूब ठेवला.

औषधे म्हणाल तर कॉफीची पूड, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिनच्या आंबट गोळ्या. हे मिश्रण मुरू लागले की शेजारची म्हैस दूध चोरते, अशी शेजाऱ्यांची तोंडी तक्रार आहे. चित्र विरघळवण्यासाठी विहिरीत टाकतात ती लाल पावडर आणि दुकानातले बॅटरीचे ॲसिड. एकदा साडूंच्या मुलीला पाहायला आलेल्या मुलाच्या वडिलांनी मोरीतल्या बादलीत साधी लाल पावडर कालवलेली असताना त्याच पाण्याने पाय धुतले आणि घोट्यापर्यंत तपकिरी होऊन गेले. "नवरीच्या आधी सासराच रंगला," एवढेच मेहुणी म्हणाली. स्थळ जमले नाही, परंतु त्याचे कारण पाय होते असे साडू आजही मान्य करीत नाहीत.

आता मूळ प्रकरण. सासऱ्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, शेतात भाड्याचा ट्रॅक्टर फिरू लागला आणि दावणीचा शेवटचा बैल विकावा लागला. तो नेण्यासाठी टेम्पो दारात आला तेव्हा साडूंनी सासऱ्यांना त्याच्याजवळ उभे करून एक फोटो घेतला. एकच, कारण बाकीचे रीळ त्यांनी विजेचे खांब, झोपलेली कुत्री आणि माझ्या चपला यांवर खर्च केले होते. घेणारा बीडकडचा होता, ऊसतोडीच्या गाडीला जोडी लावणारा. बैल गेला त्या दिवसापासून सासरे अर्ध्या भाकरीवर आले. रिकाम्या दावणीकडे तोंड करून बसत. साडू त्यांच्यासमोर उकिडवे बसून म्हणाले, "मामा, रविवारी तुमचा बैल दाखवतो." मी बाजूला घेऊन म्हणालो, असले वचन लेखी तर देऊच नये, तोंडीही देऊ नये.

रविवारी सासऱ्यांच्याच मोरीत काम सुरू झाले. पहिली धुलाई झाली, उलटे चित्र विरघळले. साडू अंगणात आले आणि भर उन्हात रीळ उलगडू लागले. शेवटचे वेटोळे तेवढे उरले असेल नसेल, तोच सासूबाईंनी धावत येऊन रीळ धरले.

"आवं जावई, डोकं फिरलं का काय? उनात फिल्म जळती! लहान पोराला बी कळतंय!"

"मामी, हिला ऊनच पायजे! सोडा!"

"न्हाई सोडायची. ह्यांचा बैल हाय त्यात!"

त्यांनी हिसका देऊन रीळ पदरात गुंडाळले, कॉफीच्या काळ्या डब्यात कोंबले आणि झाकण लावून वर बसल्या. मेहुणी म्हणाली, "आई, उठ." सासूबाई म्हणाल्या, "बैलाचं काय वंगाळ झालं तर मला हितनं उठवू नका." साडूंनी कपाळाला हात लावला; मग मेहुणीने आईला उठवून डबा सोडवला, तेव्हा ऊन सगळीकडे लागले असेल अशी स्वतःचीच समजूत घालून त्यांनी तशीच दुसरी धुलाई उरकली.

दिवेलागणीला गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीवर साडूंनी पत्र्याच्या डब्यात बसवलेल्या दिव्याने व भिंगाने चित्र पाडले. उलगडलेल्या भागाला ऊन मिळाले होते, तो आला होता. गुंडाळीतला भाग कोरा. आणि ती हद्द नेमकी आमच्या फोटोमधून गेलेली. भिंतीवर बैल उभा होता, शिंगांपासून खुरांपर्यंत अगदी साजरा, कानातली गोचीडसुद्धा दिसावी असा. वशिंडावर सासऱ्यांचा हात. मनगटापलीकडे नुसता पांढरा उजेड.

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. साडू खालमानेने म्हणाले, "मामा, तुमी न्हाई आलात."

सासरे काठी टेकत उठले, भिंतीपाशी गेले आणि त्या हाताशेजारी स्वतःचा हात ठेवून उभे राहिले. बैल गेल्यापासून पहिल्यांदाच बोलले. "माझं थोबाड हाय की हितंच. त्यो आला, लई झालं." मग मागे न पाहता म्हणाले, "दिवा इझवू नका इतक्यात."

सबब, बीडकडील ज्या गृहस्थांनी हा बैल नेला, त्यांचे नाव-गाव आमच्यापैकी कोणीच विचारून घेतले नसल्यामुळे, त्यांना याद्वारे नम्र विनंती की, बैल कसा आहे, वैरण नीट खातो काय, आणि संध्याकाळी जू उतरल्यावर कोणी त्याच्या वशिंडावर हात ठेवते काय, याचा खुलासा दोन ओळींत करावा. सासरे वाट पाहत आहेत. हा विनंती अर्ज.